पोलादी प्लेटवर नेम धरताना

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : खान्देशातील शेतमळ्यांवर सुरू झालेली पोलादी लक्ष्यांवरील रायफल नेमबाजी

महोदय,

गेल्या हिवाळ्यात यावल तालुक्यातील एका परिचितांच्या मळ्यात भरीत पार्टीला गेलो होतो. एका बाजूला पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती आणि दुसऱ्या बाजूला, जेमतेम पंधरा पावलांवर, कडुलिंबाच्या फांदीला साखळीने टांगलेल्या तव्यावर पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफलने नेम धरण्याचा कार्यक्रम रंगला होता. तवा म्हणजे भाकरीचा नव्हे, तर ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या तव्याच्या कुळवातील झिजून निकामी झालेली, मधे खोलगट असलेली पोलादी चकती. नेम लागला की ती देवळातल्या घंटेसारखी घणघणे आणि पाहुणे टाळ्या वाजवत. सातव्या की आठव्या बाराला घंटेपाठोपाठ किंकाळी ऐकू आली. नेम धरणाऱ्याच्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे उभ्या असलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या गालावर, डोळ्याखाली बोटभर अंतरावर, रक्ताचा ओघळ आला होता. तालुक्याच्या गावी डॉक्टरांनी जखमेतून तिळाएवढा शिशाचा कण काढला. तो बोटभर वर लागला असता तर काय झाले असते, हे त्या मुलाच्या आईने त्या रात्री इतक्या वेळा म्हटले, की मी ते पुन्हा लिहिण्याची गरज नाही.

मळ्यावरची सारी मंडळी एकच वाक्य बोलत होती : ‘गोळी उलटली.’ या वाक्यातच गैरसमजाचे मूळ आहे आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे. रायफलची शिशाची गोळी सहसा उलटत नाही, ती फुटते. आणि फुटलेले तुकडे कोणत्या दिशेला जातील हे समोरच्या पोलादाचा आकार, त्याची कठीणता आणि त्याची टांगण्याची पद्धत आधीच ठरवून ठेवत असते. त्या दिवशी मुलाच्या गालाकडे येण्याची वाट त्या खोलगट तव्याने तयार करूनच ठेवली होती.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून जोडारी (फिटर) व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून निवृत्त झालो आहे. महाविद्यालयात असताना एनसीसीमध्ये याच पॉइंट टू-टू रायफलने चांदमारीवर, म्हणजे गोळीबार सरावाच्या मैदानावर, २५ मीटरवरून कागदावर नेम धरला आहे. त्यामुळे बंदुकीचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालणाऱ्यांपैकी मी नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. उलट, १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा मध्य रेल्वेचा माणूस जिंकला म्हणून भुसावळच्या रेल्वे वसाहतींत झालेल्या आनंदात मीही सामील होतो. तेव्हापासून आमच्याकडील मुलांमध्ये नेमबाजीची ओढ वाढली, हे चांगलेच झाले. मात्र कुसाळे यांचे लक्ष्य इलेक्ट्रॉनिक असते, एनसीसीचे कागदाचे असते. गोळी त्यातून आरपार जाते आणि मागे तिला गिळण्याची वेगळी व्यवस्था केलेली असते. पोलादी प्लेट गोळीला आरपार जाऊ देत नाही. ती तिला तिथल्या तिथे फोडते. कागदावरचा नेम आणि पोलादावरचा नेम यांत हा जो फरक आहे, तो न समजता आमच्या मळ्यांवर प्लेटा टांगल्या जाऊ लागल्या आहेत.

सपाट भिंतीवर शेणाचा गोळा जोराने मारला तर तो परत हातात येत नाही, भिंतीला धरून चहूबाजूंना पसरतो. कठीण व सपाट पोलादावर शिशाची गोळी आदळली की नेमके हेच घडते, फक्त इतक्या वेगाने की डोळ्याला दिसत नाही. शिशाचे आणि त्यावरील तांब्याच्या आवरणाचे बारीक तुकडे प्लेटच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून, साधारण २० अंशांच्या पट्ट्यात, वर-खाली आणि डावी-उजवीकडे उधळले जातात. नेमबाज त्या पट्ट्याच्या बाहेर समोर उभा असतो, म्हणून तो सुरक्षित राहतो. या साऱ्या हिशेबाचा पाया एकच आहे : पृष्ठभाग सपाट आणि गुळगुळीत राहिला पाहिजे. त्याला खड्डा पडला की त्या खड्ड्यात शिरलेले शिसे वाटीत ओतलेल्या पाण्याच्या धारेप्रमाणे वळून, आले त्या दिशेला परत फिरते. ट्रॅक्टरचा तवा हा तर मुळातच एक मोठी वाटी आहे. ती वाटी नेमबाजाकडे तोंड करून टांगणे म्हणजे प्रत्येक बाराचे शिसे स्वतःकडे मागवून घेणे होय.

आमच्या भागात प्लेट म्हणून काय काय टांगले जाते, याची मी नंतर मुद्दाम चौकशी केली. ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे, जेसीबीच्या बकेटची झिजलेली धार, विहिरीवरच्या जुन्या इंजिनाचे चाक, फॅब्रिकेशनच्या दुकानातून उरलेली एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या मऊ पोलादाची) प्लेट, आणि सर्वांत लाडका म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा. खान्देशातील कितीतरी शाळांची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडाच असे, त्यामुळे त्याच्या नादाशी आमचे जुने नाते आहे आणि त्यावर छर्रा मारून पाहण्याचा मोह मी समजू शकतो. पण रुळाला डोके आहे, मान आहे, पाय आहे. त्याच्या गोलाईवर, कोपऱ्यात किंवा मानेच्या खोबणीत लागलेली गोळी कुठे जाईल हे कोणीही सांगू शकणार नाही.

आकाराइतकीच महत्त्वाची आहे कठीणता, आणि येथे माझ्या व्यवसायाचा संबंध येतो. धातूची कठीणता मोजण्याच्या ब्रिनेल पद्धतीत साधे एमएस सुमारे १२० ते १३० अंक दाखवते आणि रुळाचे नेहमीचे पोलाद सुमारे २६० अंक. नेमबाजीच्या प्लेटसाठी जगभर वापरले जाणारे ‘एआर-५००’ जातीचे पोलाद नावाप्रमाणे ५०० च्या आसपास असते. एमएसच्या प्लेटवर रायफलची वेगवान गोळी लागली की चिखलात बोट रुतावे तसा खड्डा पडतो किंवा आरपार भोक पडते, आणि भोकाची कड बाहेरच्या बाजूला फुलासारखी उमलते. अशा प्लेटवर पुढची गोळी मारायची नसते, कारण त्या खड्ड्याने आणि त्या कडेने आता तिची दिशा बदललेली असते. ‘जाड आहे, काही होत नाही’ हे उत्तर मला तीन ठिकाणी मिळाले. जाडी प्लेटला वाकण्यापासून वाचवते, खड्ड्यापासून नाही. कठीण पोलादाची १० मिलिमीटर जाडीची प्लेट जे काम करते, ते एमएसची २५ मिलिमीटरची प्लेट करू शकत नाही.

चांगले पोलाद मिळाले तरी ते बिघडवण्याचा एक हमखास मार्ग आमच्या प्रत्येक बाजारपेठेत उपलब्ध आहे, तो म्हणजे गॅस कटिंग. लोहार विळ्याला पाणी देतो, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कठीण करतो, आणि तो विळा चुकून जाळात राहिला तर त्याचे पाणी उतरते, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. एआर-५०० च्या प्लेटलाही असेच पाणी दिलेले असते. गॅसच्या ज्योतीने ती गोल कापली की कडेचा बराच भाग मऊ पडतो. वेल्डिंगने कडी किंवा हूक जोडला की त्या जागेच्या भोवतालीही तेच होते. मग प्लेट मधे कठीण आणि कडेला मऊ अशी होऊन बसते, आणि खड्डे नेमके तेथे पडू लागतात. म्हणून अशी प्लेट लेसर, प्लाझ्मा किंवा पाण्याच्या झोताने कापतात आणि तिला वेल्डिंग न करता भोके पाडून बोल्टने टांगतात. तो बोल्टही गोल, गुळगुळीत माथ्याचा हवा. षटकोनी माथ्याच्या बोल्टवर गोळी लागली की तिला सहा वेगवेगळ्या दिशा मोकळ्या होतात.

टांगण्याविषयी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली म्हणजे प्लेटचा वरचा भाग नेमबाजाकडे थोडा झुकलेला असावा, साधारण १५ ते २० अंश, जेणेकरून बहुतेक तुकडे खाली जमिनीकडे वळतील. दोन साखळ्या प्लेटच्या पाठीमागून बोल्टला अडकवल्या की हा झुकाव आपोआप येतो आणि आघात झाल्यावर प्लेट मागे झुलून त्याचा जोर पचवते. घट्ट रोवलेल्या खांबाला चारही बाजूंनी आवळून बसवलेली प्लेट लवकर खराब होते. दुसरी गोष्ट खालच्या जमिनीची. तुकडे जेथे पडणार तेथे मऊ माती किंवा वाळू हवी. वाळू हा शब्द तापी-गिरणेच्या काठी सध्या जरा जपूनच उच्चारावा लागतो, म्हणून चाळलेली माती म्हणू या. आमची काळी जमीन पावसाळ्यात लोण्यासारखी असली तरी एप्रिलमध्ये भेगाळून विटेसारखी होते, आणि तिच्यावर आपटलेला तुकडा पुन्हा उसळी घेतो. प्लेटखाली दगडगोटे किंवा फरशी असेल तर झुकाव दिल्याचा उपयोगच उरत नाही.

आता अंतर. त्या दिवशीचे पंधरा पावले म्हणजे दहा-अकरा मीटर असतील. पॉइंट टू-टूसाठी परदेशी उत्पादक किमान १० यार्ड म्हणजे ९ मीटर सांगतात, असे एक गृहस्थ मला आंतरजालावरून वाचून दाखवू लागले. ते खरे आहे. पण ते सपाट, नव्या, कठीण आणि झुकवून टांगलेल्या प्लेटविषयी लिहिलेले आहे, कुळवाच्या तव्याविषयी नाही. माझे स्वतःचे मत असे, की नवशिक्यांनी पॉइंट टू-टूलाही २५ मीटरच्या आत पोलादासमोर उभे राहू नये. मोठ्या काडतुसांच्या रायफलींसाठी सर्वमान्य किमान अंतर १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर आहे, आणि यात घासाघीस करण्यास जागा नाही. या दोहोंतील तफावत का आहे हे आकड्यांवरून दिसते. छर्ऱ्याच्या बंदुकीचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सुमारे ७ ज्यूल ऊर्जा घेऊन निघतो. पॉइंट टू-टूची २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३३० मीटरच्या वेगाने सुमारे १४० ज्यूल घेऊन निघते. लष्करी ७.६२ मिलिमीटरची साडेनऊ ग्रॅमच्या आसपासची गोळी सेकंदाला ८४० मीटर वेगाने ३,३०० ज्यूलच्या घरात असते. एवढी ऊर्जा एका नखाएवढ्या जागेत ओतली की एआर-५०० सुद्धा हार मानू शकते. आघाताच्या क्षणी वेग सेकंदाला ९०० मीटरच्या वर असेल तर त्या पोलादालाही खड्डे पडतात. अंतर वाढवल्याने गोळीचा वेग घटतो आणि तुकड्यांनाही वाटेत थकण्यास वेळ मिळतो, असा हा दुहेरी फायदा आहे.

वेग फार कमी असणेही चांगले नाही. हळू जाणारी शिशाची गोळी फुटण्याऐवजी चपटी होऊन अख्खीच परत येऊ शकते. म्हणून ठासणीच्या बंदुकीची गोळी पोलादावर मारण्याचा विचारही करू नये. छर्ऱ्याच्या बंदुकीत काही मुले सायकलच्या बेअरिंगमधील पोलादी गोळ्या घालतात. या गोळ्या पोलादावरून रबरी चेंडूसारख्या परततात आणि त्यांनी डोळा जाण्यास ७ ज्यूल पुरेसे आहेत. मोठ्या रायफलींच्या काही काडतुसांत शिशाऐवजी पोलादी गाभा असतो. तोही प्लेटवर चालत नाही, कारण तो प्लेट खराब करतो आणि फुटून सरळ मागे येऊ शकतो. गोळीला लोहचुंबक चिकटतो का, हे पाहण्यास एक मिनिटही लागत नाही.

पोलादावर नेमबाजी करणे हा काही वेडेपणा नाही. बायथ्लॉन या हिवाळी ऑलिम्पिक खेळात बर्फावर घसरत आलेले खेळाडू धापा टाकत याच पॉइंट टू-टूच्या रायफलीने ५० मीटरवरील धातूची लक्ष्ये पाडतात; आडवे पडून नेम धरताना ४५ मिलिमीटर व्यासाचे आणि उभ्याने ११५ मिलिमीटरचे लक्ष्य असते. मेक्सिकोत सुरू झालेल्या आकृती-नेमबाजीत पोलादी कोंबडी २०० मीटरवर, डुक्कर ३०० वर, टर्की ३८५ वर आणि मेंढा ५०० मीटरवर ठेवतात, आणि नेम लागला की आकृती आडवी होते. पोलादाचे सुख हेच आहे, की ते लगेच उत्तर देते. कागदावर भोक पडले की नाही हे पाहण्यासाठी दुर्बीण लागते किंवा चालत जावे लागते, प्लेट बोलते. पण या खेळांतील अंतरे पाहा आणि भरीत पार्टीतील पंधरा पावले पाहा.

याहून अधिक काळजी मला वाटते ती न लागलेल्या गोळीची. प्लेट फुटभर रुंदीची असते आणि नवशिका माणूस तिला निम्म्या वेळा चुकतो. चुकलेली गोळी कुठे जाते? पॉइंट टू-टूला आपल्याकडे खेळण्यातली समजतात, पण वरच्या दिशेने सुटलेली तिची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. मोठ्या रायफलीची गोळी त्याच्या दुपटीहूनही अधिक दूर जाते. मी पाहिलेल्या मळ्यात प्लेटच्या मागे केळीची बाग होती, आणि मालकांनी मला मोठ्या विश्वासाने सांगितले, की एवढ्या दाट बागेतून गोळी काय जाणार! केळीचे खोड म्हणजे पाणी आणि धागा. भाजीच्या सुरीने जे कापले जाते ते गोळीला काय अडवणार? शिवाय केळीच्या बागेचा दुसरा गुण असा, की तिच्यात दहा पावलांवर उभा असलेला माणूस दिसत नाही. रावेर-यावलकडील बागांमध्ये घड कापणारे, पिले काढणारे, ठिबकच्या नळ्या तपासणारे मजूर दिवसभर आत असतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला बाग रिकामीच वाटते. कपाशीत वाकून वेचणाऱ्या बायाही अशाच दिसेनाशा होतात. धुळे-साक्रीकडे हिवाळ्यात ठेलारी धनगरांचे वाडे शेतात बसलेले असतात. काल जे रान मोकळे होते तेथे आज माणसे, मेंढरे आणि पाळण्यातली मुले असतात.

‘मागे डोंगर आहे’ हे उत्तरही मला पटलेले नाही. सातपुड्याच्या पायथ्याला आणि अजिंठ्याच्या रांगेत जे डोंगर आहेत त्यांच्या उघड्या कड्यांचा काळा बेसॉल्ट गोळीला तिरपी वळवून भलत्याच दिशेला पाठवतो. गोळी अडवायला लागते ती माती : दगड वेचून काढलेली, प्लेटपेक्षा चांगली उंच आणि रुंद, लगतच मागे उभी केलेली. जुन्या काळी पोलीस आणि पलटणींनी चांदमारीसाठी मातीचे मोठाले टेकाड रचले ते हौस म्हणून नव्हे. ज्याच्या मळ्यात असे टेकाड नाही, त्याच्या मळ्यात चांदमारी होऊ शकत नाही. मग प्लेट जर्मनीहून आणलेली असो. शेततळ्याच्या बांधावर प्लेट उभी करण्याची सूचनाही एकाने केली. शेततळ्याचा मातीचा बांध मागे असणे ठीक, पण गोळीची रेषा पाण्यावरून जाता कामा नये. लहानपणी आपण नदीत चपटा दगड टप्पे खात पाठवत होतो, पाण्याला लागलेली गोळीही तशीच टप्पा घेते.

बाजूला उभे राहणाऱ्यांचा प्रश्न हल्ली मोबाइलमुळे वाढला आहे. प्लेट झुलताना चांगली दिसावी म्हणून चित्रण करणारा मुलगा पुढे सरकतो आणि प्लेटच्या कडेला, म्हणजे तुकडे ज्या पट्ट्यात उधळतात नेमके त्या पट्ट्यात, जाऊन उभा राहतो. बार चालू असताना नेमबाजाच्या ओळीपुढे कोणीही असता कामा नये, आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे बरेच अंतर राखावे. प्लेटजवळ जायचे असेल तर सर्व रायफली रिकाम्या, रायफलीचा बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) उघडा, नळीत रंगीत सुरक्षा-फीत आणि कोणाचाही हात शस्त्राला लागलेला नाही, हे एका जबाबदार माणसाने पाहावे आणि मगच पुढे जाऊ द्यावे. लाल बावटा वर असताना पुढे जायचे नाही, हा चांदमारीचा जुना नियम आहे. मळ्यावर बावटा नव्हता, तो जबाबदार माणूसही नव्हता. यजमान भरताला फोडणी देत होते.

डोळ्यांसाठी पॉलिकार्बोनेटचे, बाजूने बंद असलेले चष्मे हवेत, आणि ते बघ्यांनाही हवेत. त्या मुलाने बंदूक हातातही घेतली नव्हती. नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा घामाने चष्म्यावर वाफ धरते आणि माणूस तो नकळत कपाळावर चढवतो. अशा दुपारी नेमबाजीच बंद ठेवलेली बरी. कानांचेही तसेच. मोठ्या रायफलीचा एक बार १४० डेसिबलच्या वर जातो आणि त्याने झालेली कानाची हानी भरून येत नाही. आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही : फुटलेल्या शिशाची बारीक पूड प्लेटभोवती, हातांवर आणि कपड्यांवर बसते. त्याच हातांनी भाकरी मोडून भरीत खाणारे पाहुणे मी पाहिले आहेत. साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय जेवू नये, लहान मुलांना तुकडे वेचायला पाठवू नये, आणि ती जागा झाडूने झाडू नये, कारण पूड उडते; पाणी शिंपडून माती गोळा करावी.

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. परवानाधारकाने आपली रायफल पाहुण्यांच्या हाती एकामागून एक फिरवणे परवान्यात बसत नाही, आणि शेतीसंरक्षणासाठी मिळालेला परवाना करमणुकीसाठी नसतो. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम २५ मध्ये नवे पोटकलम आले. निष्काळजीपणाने किंवा समारंभात हौसेने गोळीबार करून इतरांचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हळदीच्या रात्री हवेत बार काढणाऱ्यांना हे माहीत नसते, तसे मळ्यावरील यजमानांनाही नसते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना घेणाऱ्याने शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण घ्यावयाचे असते. या प्रशिक्षणात पोलादी लक्ष्याचा विषय अर्धा तास जरी शिकवला गेला, तरी कुळवाचे तवे झाडांवरून उतरतील. दुसरीकडे ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या छर्ऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, त्यामुळे तिच्याबाबत तर सांगणारा कोणीच नाही. ती पालकांनीच सांभाळायची आहे.

नुसती बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. बंदी घातली की प्लेट बागेच्या आणखी आत जाऊन टांगली जाईल. माझी मागणी वेगळी आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोलिसांच्या गोळीबार सरावाच्या जागा आहेत. क्रीडा विभागाने आणि पोलीस प्रशासनाने मिळून, सरावाचे दिवस सोडून, महिन्यातील एखादा रविवार तरी परवानाधारक आणि नोंदणीकृत नेमबाजांसाठी या जागा देखरेखीखाली खुल्या कराव्यात. मातीचे टेकाड तेथे आहे, बावटा आहे, शिस्त आहे. त्यापुढे १०० मीटरवर योग्य पोलादाच्या दोन प्लेटा टांगण्याचा खर्च फार नाही. शिकवणाऱ्यांचीही वाण नाही. वरणगावला लहान शस्त्रांची काडतुसे बनवणारा सरकारी कारखाना आहे, भुसावळला आयुधनिर्माणी आहे; या दोन्ही ठिकाणांहून निवृत्त झालेली जाणती मंडळी आमच्या गल्लोगल्ली आहेत आणि सैन्यातून परतलेले माजी सैनिकही आहेत. त्यांना बोलावले तर ते आनंदाने येतील, असे मी त्यांच्यापैकी काहींशी बोलून सांगतो.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आणि आपल्या भागातही हुरडा, भरीत, बैलगाडी यांच्या जोडीला पाहुण्यांसाठी नवनवीन आकर्षणे शोधली जात आहेत. कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी किंवा पाहणी करताना तेथे नेमबाजी चालते का, असल्यास कशावर, किती अंतरावरून आणि मागे काय आहे, हे चार प्रश्न विचारावेत, एवढी विनंती पर्यटन विभागाकडे करावीशी वाटते. पाहुण्यांनीही प्लेट सपाट आहे का आणि तिच्यावर खड्डे आहेत का, हे जवळ जाऊन पाहिल्याशिवाय रायफल हाती घेऊ नये.

त्या मळ्याच्या मालकांनी दुसऱ्याच दिवशी तवा उतरवला आणि माझ्या सांगण्यावरून तो मला देऊन टाकला. त्याच्या आतल्या बाजूला सतरा खड्डे आहेत आणि मधोमध शिशाचा राखाडी पट्टा आहे. कोणत्या खड्ड्याने त्या मुलाच्या गालाकडे तुकडा पाठवला हे सांगता येत नाही. प्रशिक्षण देणाऱ्या कोणाही अधिकाऱ्याला किंवा शाळेला तो तवा दाखवण्यासाठी हवा असेल तर मी स्वखर्चाने घेऊन येईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (जोडारी),
यावल तालुका, जि. जळगाव